जोखीम

आमच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात एक लोखंडी ट्रंक त्या जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन थांबली होती आणि ती खाली उतरवायची की नाही यावर आम्हा तिघीचौघींची चर्चा चालली होती. ट्रंकेची मालकीण, वरच्या बरसातीत पीजी म्हणून राहणारी काश्मिरी मुलगी, म्हणत होती की न्यावी. जम्मूची बस संध्याकाळी होती. मी म्हणाले, "कशाला एवढं ओझं? दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे." तिने एकदा ट्रंकेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती पुन्हा आत ओढत नेली. लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो आवाज मीच करायला लावला होता.

ट्रंकेपुरतंच नव्हे. मुलींनी जावं हेही मीच सुचवलं होतं.

चंडीगडच्या सेक्टर १५ मधली ही कोठी. खाली घरमालक, सरदारजी आणि आंटीजी, दोघंही निवृत्त. मधल्या मजल्यावर मी आणि आई. वर बरसातीत चार मुली. रस्ता ओलांडला की सेक्टर १४, म्हणजे पंजाब विद्यापीठ. विद्यापीठ आरपार चालत गेलं की पलीकडच्या रस्त्याला पीजीआय, उत्तर भारतातलं मोठं सरकारी रुग्णालय. या भागातली निम्मी घरं विद्यार्थ्यांच्या भाड्यावर चालतात. बाजारात झेरॉक्स, पराठे, टायपिंग, पुन्हा झेरॉक्स. आईला दमा. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. जिना सगळ्यांचा एकच, कठडाही एकच. विद्यापीठाचे वर्ग बंद झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी खाली जाऊन आंटीजींना म्हटलं की मुलींना घरी पाठवलेलं बरं. चार जणी चार ठिकाणी जाणार-येणार, आईचं तुम्हाला माहीत आहे. आंटीजी म्हणाल्या, "बेटा, मी पण हाच विचार करत होते." त्या तसं म्हणाल्या नसत्या तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुधा आणखी जोर लावला असता.

त्याच आठवड्यात शहरात पहिला रुग्ण सापडला. देशाच्या टाळेबंदीच्या एक दिवस आधीच चंडीगडला संचारबंदी लागली. माझा निर्णय किती शहाणपणाचा होता याचा पुरावा रोज वर्तमानपत्रात येत होता, आणि तो मी आवडीने वाचत होते.

ती मुलगी जुलै २०१९ मध्ये एम.ए.ला आली होती. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुली अशा बरसात्यांतून राहतात. ती आली तेव्हा कॅम्पसवर एक गोष्ट अजून ताजी होती. त्याआधीच्या हिवाळ्यात विद्यार्थिनींनी कित्येक आठवडे धरणं धरून मुलींच्या वसतिगृहांना चोवीस तास येण्याजाण्याची मोकळीक मिळवली होती. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच निवडून आलेली मुलगी, कनुप्रिया, त्या आंदोलनात पुढे होती. डिसेंबर २०१८ मध्ये मागणी मान्य झाली. रात्री अकरा वाजता गांधी भवनाच्या पाण्याकाठी बसून यायचं, हे आमच्या वरच्या मुलींना इतकं नवं आणि इतकं साधं वाटायचं की त्या रोज त्याचा उल्लेख करायच्या. आई त्यांना म्हणायची, "बेटा, रात को बाहर गार लगता है." 'गार' हा शब्द त्यांनी हिंदी म्हणून शिकून घेतला होता.

मग ५ ऑगस्ट आला. काश्मीरमधले फोन, इंटरनेट, सगळं बंद झालं. ही मुलगी आठवड्यांमागून आठवडे घरच्यांचा आवाज ऐकू शकली नाही. पोस्टपेड मोबाइल सुरू झाले ते ऑक्टोबरच्या मध्यात. त्या काळात ती वर्गाला जायची, ग्रंथालयात बसायची, स्टुडंट सेंटरला, ज्याला इथली पोरं 'स्टू-सी' म्हणतात, चहा प्यायची आणि रात्री आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईने भाकरी थापताना बघत उभी राहायची. घर बंद होतं आणि विद्यापीठ उघडं होतं. सात महिन्यांनी आम्ही तिला उघड्या जागेतून बंद जागेत पाठवलं. आमच्या दृष्टीने ती 'घरी' जात होती. घर हा शब्द आपण किती ढिलाईने वापरतो, हे अनुवादाच्या धंद्यात असूनही मला तेव्हा सुचलं नाही.

टाळेबंदीत आईने एक काम लावून घेतलं. पुण्याहून मागवलेल्या 'कालनिर्णय'च्या चौकोनांत ती दुधाचा हिशेब लिहायची, त्याच चौकोनात आता संध्याकाळच्या सरकारी बुलेटिनचे आकडे लिहू लागली. दूध दीड लिटर, नवे रुग्ण इतके, गेले इतके. एप्रिलच्या शेवटी सेक्टर २६ मधल्या बापूधाम वसाहतीत साथ भडकली तेव्हा चौकोनात जागा पुरेना. आईचा जन्म कऱ्हाडजवळच्या गावचा. तिच्या आजीने प्लेग पाहिला होता. गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, उंदीर पडला की निघायचं, हे तिने आजीच्या तोंडून ऐकलेलं. "पण गुरुजी माळावर यायचे," आई म्हणाली. "बाभळीखाली शाळा भरायची. पाटी-पेन्सिल झोपडीत, शाळा बाभळीखाली. गाव बंद होतं, शाळा नव्हती."

या गोष्टीत आजीच्या आठवणीचा गोडवा किती आणि खरं किती, मला माहीत नाही. पण प्लेगच्या काळात उघड्यावर राहायला जाणं हा महाराष्ट्रात लोकांनीच शोधलेला आणि पुढे सरकारनेही उचलून धरलेला उपाय होता. २०२० मध्ये ज्या कायद्याने राज्यांनी शाळा-महाविद्यालयं बंद केली तो साथरोग कायदाही त्याच साथीतला, १८९७ चा. त्याच वर्षी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मुलींसाठी शाळा उघडणारी बाई साथीत रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेते आणि त्यातच जाते. आपल्याकडे शिकवणं आणि जीव वाचवणं यांची गाठ इतक्या जुन्या काळी पडलेली आहे. तिची उकल मात्र आपण कायद्याच्या बाजूने केली, बाभळीच्या बाजूने नाही.

वर्ग ऑनलाइन सुरू झाले. काश्मीरमध्ये तेव्हा टू-जी होतं. फोर-जी परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला, अठरा महिन्यांनी. टू-जीवर व्हिडिओ चालत नाही. तिचे एक प्राध्यापक व्याख्यान रेकॉर्ड करून नुसता आवाज पाठवत. ती तो रात्री उतरवायला लावायची आणि पहाटे ऐकायची. हे तिने मला तक्रारीच्या सुरात कधी सांगितलं नाही. तिचे संदेश आवाजी असत, तुकड्यातुकड्यांनी येत. पहिला तुकडा दुपारी, पुढचा रात्री. मी उत्तर देईपर्यंत ती पुढच्या विषयावर गेलेली असायची.

आणि ती एकटी नव्हती, किंवा काश्मीर हा अपवादही नव्हता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या पंधरा घरांतच इंटरनेटची सोय होती आणि जेमतेम चार-पाच घरांत संगणक. म्हणजे 'वर्ग ऑनलाइन घेऊ' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना हे आकडे आधीच उपलब्ध होते. त्याच सुमाराला फोनवर न्यूटन फिरत होता: १६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद पडलं, न्यूटन गावी गेला आणि गणितात, प्रकाशात, गुरुत्वाकर्षणात काय काय शोधून आला. मलाही तो चार जणांनी पाठवला. न्यूटनच्या आईची गावी जमीन होती, वाडा होता, त्याला कुणी पाणी भरायला लावत नव्हतं. आमच्या बरसातीतल्या चौघींपैकी हिसारजवळची एक पोर घरी गेल्यापासून दोन म्हशी बघत होती. तिसरीचं लग्न डिसेंबरात ठरलं आणि झालंही, पंचवीस माणसांत, स्वस्तात. तिचे वडील म्हणाले म्हणे, एवढी संधी पुन्हा कधी मिळणार.

मला सारखं वाटतं की या सगळ्या प्रकरणात आपण एका गोष्टीची गल्लत केली. बंद करण्याचा निर्णय झाला. त्यावर तारीख होती, सही होती, कारण होतं. मार्च २०२० मध्ये कुणालाच काही कळत नव्हतं. वसतिगृहात एका खोलीत तिघंतिघं, एका मेसमध्ये तीनशे, आणि त्यांना वाढणारे आचारी पन्नाशीचे. मी आजही म्हणेन की त्या दिवशी बंद करणं बरोबर होतं. पण बंद ठेवण्याचा निर्णय झालाच नाही. तो नुसता पुढे सरकत गेला. ३१ मार्च, मग १४ एप्रिल, मग मे, मग 'पुढील आदेशापर्यंत'. पहिल्या दिवशी जे जोखलं होतं त्यावरच वर्ष काढलं. मधल्या काळात वजनं बदलली, तराजू कुणी पुन्हा उचलला नाही. मे २०२० मध्ये दारूची दुकानं उघडली. जूनमध्ये मॉल आणि हॉटेलं. ऑक्टोबरच्या मध्यात निम्म्या खुर्च्यांवर सिनेमागृहं. ५ नोव्हेंबरला विद्यापीठ अनुदान आयोगाने टप्प्याटप्प्याने कॅम्पस उघडण्याच्या सूचना काढल्या, एका वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थी नकोत म्हणून. पण उघडायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी खालच्या माणसावर सोडलं गेलं, आणि खालचा माणूस नेहमी खालीच बघतो. उघडून एक जण गेला तर नाव लागणार. बंद ठेवून काहीही झालं तरी नाव लागत नाही.

मधल्या काळात विद्यार्थ्यांची एकच गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जोरात भांडली गेली: परीक्षा. महाराष्ट्र सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं, आयोगाने जुलैत त्या सप्टेंबरअखेर घ्यायलाच हव्यात असं सांगितलं, आणि २८ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने निकाल दिला की राज्यांना परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही. पुण्याचा माझा भाचा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता; तो महिनाभर रोज वकिलासारखा बोलत होता. शिकवणं झालं की नाही याचा खटला मात्र त्याच्या बोलण्यात कधी आला नाही.

गंमत अशी की ज्या विद्यापीठाच्या फाटकासमोर मी राहते त्याने एके काळी जवळजवळ दहा वर्षं कॅम्पसशिवाय काढली आहेत. १८८२ मध्ये लाहोरला स्थापन झालेलं हे विद्यापीठ फाळणीत दुभंगलं. भारताच्या वाट्याला आलेल्या भागाचं कार्यालय सोलनला, विभाग होशियारपूर, जालंधर, दिल्ली, अमृतसरला. १९५६ मध्ये ते चंडीगडला आलं. 'तेव्हा कॅम्पस नसताना चाललंच की', हे वाक्य मी टाळेबंदीत एका निवृत्त प्राध्यापकांकडून ऐकलं. चाललं, खरं आहे. पण हाताशी पैसा आणि जमीन आल्याबरोबर त्या विस्थापित माणसांनी पहिलं काय केलं, तर साडेपाचशे एकर घेऊन झाडं लावली, ग्रंथालय बांधलं, आणि मधोमध चहा प्यायला एक गोल इमारत उभी केली. चहा प्यायला! ज्यांनी सगळं गमावलेलं होतं त्यांना नेमकं ठाऊक होतं की विद्यापीठाला काय लागतं.

जानेवारी २०२१ मध्ये तिचा निरोप आला. कॅम्पस उघडा म्हणून इथली मुलं कुलगुरूंच्या कार्यालयासमोर बसू लागली होती. आपापल्या गावी अडकलेल्या काही जणांनी मिळून एक निवेदन हिंदीत लिहिलं होतं. ते नीट इंग्रजीत हवं होतं. माझा व्यवहार खरं तर उलट्या दिशेचा, हिंदी-पंजाबी-इंग्रजीतून मराठीत. पण दीड पानाचा मजकूर, मी हो म्हणाले. निवेदन चांगलं होतं. टू-जी होतं, म्हशी होत्या, प्रयोगशाळा न पाहता विज्ञान शिकणारे होते. शेवटाकडे एक वाक्य होतं: हम बालिग़ हैं, हमारी जान के हिसाब में हमसे भी पूछा जाए.

इंग्रजीत मी लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा होतो: आम्ही सज्ञान आहोत आणि स्वतःच्या जिवाची जोखीम पत्करायला तयार आहोत.

मला ते वाक्य छान वाटलं. ठाम, अर्जाला शोभेसं. रात्री साडेअकराला तिचा पहिला तुकडा आला. "दीदी, शेवटून तिसरं वाक्य." दुसरा तुकडा यायला वीस मिनिटं लागली. "आम्ही म्हटलं, आम्हाला विचारा. तुम्ही लिहिलंत, आम्ही भोगू."

मी लांबलचक उत्तर दिलं. प्रशासनाला असंच कळतं, भाव तोच आहे, वगैरे. अनुवादक चुकला की 'भाव' हा शब्द काढतो. मग मी खरं बोलले: जीव फक्त तुमचाच नाही ना धोक्यात येत. तुम्ही परत आलात की आचारी आहे, पहारेकरी आहे, साठीचे प्राध्यापक आहेत, आणि माझ्या जिन्यावर माझी आई आहे. तुम्हाला विचारून तिचा हिशेब कसा होणार? हेच तर मला त्या वाक्यात सलत होतं आणि म्हणून मी ते नकळत वळवलं होतं, सगळं ओझं त्यांच्याच डोक्यावर जाईल असं. हमीपत्र लिहून घ्यावं तसं.

उत्तर सकाळी आलं. रेकॉर्ड रात्रीच केलेलं असावं, मागे कुत्री भुंकत होती. ती म्हणत होती (मी मराठीत सांगते आहे): "त्यांनाही विचारा. आचाऱ्याला विचारा, त्याला दहा महिने पगार आहे का. तुमच्या आईंना विचारा. आम्ही कुठे म्हटलं फक्त आम्हालाच विचारा? 'हमसे भी' लिहिलंय." मग थोडं थांबून, "आईजींसाठी तर मी गेलेच होते ना, दीदी. आंटीजींनी सांगितलं होतं मला, तुम्ही म्हणालात म्हणून. मी काही बोलले का?"

'भी' मी खरंच गाळला होता. एका अक्षराचा शब्द. मी वाक्य दुरुस्त करून पाठवलं. निवेदन गेलं. पुढे त्याचं काय झालं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी मी आईला खरंच विचारलं. मुली परत आल्या तर? ती तांदूळ निवडत होती. "येऊ देत की," म्हणाली. "मी खोलीत राहीन. त्यांनी जिना वापरावा, मी काय जिन्यात बसते?" इतकी साधी वाटणी मला दहा महिन्यांत सुचली नव्हती, कारण मी विचारलंच नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांचं हेही ऐकायचं नसतं. ती नेहमीच स्वतःला स्वस्त लावतात.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, कारण ती आलीच, आणि जोरात आली. डिसेंबरात मद्रासच्या आयआयटीत, थोडीच मुलं परत बोलावलेली असताना, वसतिगृहांतून शंभरावर रुग्ण निघाले. मेसकडे बोट दाखवलं गेलं. फेब्रुवारीत वाशिम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं बाधित निघाली, बहुतेक अमरावती-यवतमाळकडची. मार्चमध्ये पंजाब सरकारने जाहीर केलं की तपासलेल्या ४०१ नमुन्यांपैकी ८१ टक्के ब्रिटनमध्ये आढळलेल्या नव्या प्रकाराचे आहेत. शिक्षणसंस्था पुन्हा बंद. आईला पहिली लस मार्चमध्ये मिळाली होती. एप्रिलपासून पीजीआयच्या दिशेने जाणाऱ्या रुग्णवाहिकांचा आवाज रात्री मोजायचं आईने सोडून दिलं. 'कालनिर्णय'च्या मे महिन्यात नुसतं दूध आहे.

खाली सरदारजी आजारी पडले ते मेच्या पहिल्या आठवड्यात. घरात नवव्या दिवशी ऑक्सिजन उतरला, खाट मिळेपर्यंत दुपार झाली. एका रुग्णालयात पाच दिवस होते. सेक्टर २५ च्या स्मशानात नंबर लावून त्यांचा मुलगा आणि पुतण्या, दोघंच गेले. विद्यापीठाचा दक्षिण परिसरही सेक्टर २५ मध्येच आहे. पुतण्या नंतर सांगत होता की तिथून धूर पलीकडच्या रिकाम्या इमारतींवर जात होता.

सरदारजींना संसर्ग कुठून झाला, आम्हाला कळलं नाही. सकाळचं फिरणं, गुरुद्वारा, भाजीवाला, बँक. जिन्यावर मी आणि आई सोडून कुणी नव्हतं. बरसातीला चौदा महिने कुलूप होतं. तेराव्यासारखा काही विधी त्यांच्यात नसतो, पण दहाव्या दिवशी भोग झाला, पाठ झाला, आणि लोक गेल्यावर आंटीजी मला म्हणाल्या, "चंगा होया, कुड़ियाँ नहीं सी." बरं झालं, मुली नव्हत्या.

त्यांना म्हणायचं होतं की पोरी वाचल्या. मी मान हलवली. पण मला ते दुसऱ्याच अर्थाने ऐकू आलं. मुली असत्या तर आम्ही त्यांचंच नाव घेतलं असतं. काश्मीरहून आलेलीचं बहुधा सगळ्यात आधी. कुठेकुठे फिरून येतात, रात्री अकरापर्यंत बाहेर असतात, म्हटलं असतं. आणि ते आम्हाला आयुष्यभर खरं वाटलं असतं. मी तर ते लिहिलंही असतं, अशाच एखाद्या लेखात, फार समंजस शब्दांत.

फेब्रुवारीत कॅम्पस पूर्ण उघडला असता तर एप्रिलमध्ये भरल्या वसतिगृहांवर लाट आली असती, हे मला नाकारता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी मोकळी फट होती, ती वाया गेली, हेही नाकारता येत नाही. निम्मी मुलं, आळीपाळीने, आधी ज्यांच्या घरी जागा, जाळं, शांतता नाही ती, वर्ग झाडाखाली. चंडीगडचा हिवाळा उन्हात बसण्यासाठीच असतो आणि या कॅम्पसवर बाभूळ नसली तरी झाडांना तोटा नाही. हे तज्ज्ञांना सुचलं नसेल असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी रोज थोडं थोडं जोखावं लागतं, आणि रोज कुणी तरी चुकतं. कुलूप एकदाच लावलं की झालं.

मराठीत जोखणं म्हणजे वजन करणं. 'जोखीम' त्याच घरातली वाटते. पण आमच्याकडच्या जुन्या बायका जोखीम म्हणतात ती धोक्याला नव्हे, तर दागिन्यांना, दुसऱ्याने ठेवायला दिलेल्या मौल्यवान वस्तूला. प्रवासात "अंगावर जोखीम आहे" म्हणजे सोनं आहे. हा अर्थ मला ठाऊक होता, कोशात आहे म्हणून. आई तो वापरत होती. बरसातीतली ट्रंक तिने खाली आपल्या खोलीत आणवली होती, पलीकडच्या बंगल्यातल्या माळ्याला पन्नास रुपये देऊन, आणि दर हिवाळ्यात त्यातली रजई गच्चीत उन्हात घालायची. मी म्हणायचे, राहू दे गं, ती येईल तेव्हा बघेल. आई म्हणायची, "कुणाची तरी जोखीम आहे ती आपल्याकडे. कसर लागली तर काय तोंड दाखवू?"

ती आली मार्च २०२२ मध्ये. विद्यापीठात वर्ग भरू लागले होते. (विद्यार्थी परिषदेची निवडणूक व्हायला मात्र ऑक्टोबर उजाडणार होता, २०१९ नंतर एकदम २०२२.) तिचं एम.ए. आदल्या वर्षीच पूर्ण झालं होतं. चार सत्रांपैकी दीड तिने इथे काढलं, उरलेलं कुत्र्यांच्या भुंकण्यात. पीएच.डी. करायची म्हणत असायची. आता गावाकडे एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवत होती. साखरपुडा झाला होता. मी काही तरी हळहळीचं बोलले असेन, कारण ती हसून म्हणाली, "दीदी, माझं आयुष्य काही बिघडलेलं नाही. फक्त, हे नव्हतं ते."

आंटीजींना भेटायला ती खाली गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते. आईने ट्रंक उघडून एकेक वस्तू मोजून दिली, भिशीचा हिशेब द्यावा तशी. रजई, विजेची किटली, एक फेरन, वह्या, आणि तळाशी ग्रंथालयाचं एक पुस्तक, परत करण्याची तारीख मार्च २०२०. ते पाहून ती इतकी ओशाळली की आधी पुस्तकच पोहोचवू म्हणाली. चहा तसाच राहिला. आई मागून ओरडली, "गार हो जाएगी!"

रस्ता ओलांडून आम्ही कॅम्पसवर गेलो. स्टू-सीला गर्दी होती. तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं कधीच पांगली होती आणि ही पोरं तिने नावानेही ऐकलेली नव्हती. ग्रंथालयाच्या दाराशी पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं. तिच्या ओळखपत्राची मुदत जून २०२१ ला संपली होती. माझं चालू होतं. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं, मधली खूण काढून घेतली आणि म्हणाली, तुम्ही देऊन या, मी इथे उन्हात थांबते.